वेष्टनाचे आयुष्य

एखादी योजना मागे पडली की ती ‘बासनात गुंडाळली’ असे आपण म्हणतो. मुळात बासन म्हणजे पोथी बांधून ठेवण्याचे फडके. पोथी सोडावी, वाचावी आणि पुन्हा त्याच फडक्यात बांधावी. पोथीच्या बरोबरीने तेही जपले जाई. जतनाची ही कृती विस्मरणाचे रूपक कशी झाली, हा प्रश्न मला पडला तो शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या वेष्टनाविषयी वाचताना.

माझी मावशी एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती. कात्र्या आणि चिमटे दुहेरी सुती कापडात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवत. १२१ अंश सेल्सिअसची वाफ, अर्धा तास. या वेष्टनाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : वाफेला त्याने आत येऊ द्यावे आणि नंतर जंतूंना मात्र बाहेर थोपवावे. कापड धुऊन आले की मावशी ते उजेडासमोर धरून पाही. त्याला सुईदोऱ्याने ठिगळ लावणे वर्ज्य होते, कारण सुईचे प्रत्येक छिद्र ही जंतूंची वाट. गोधडीचे आयुष्य वाढवणारा टाका इथे घातक ठरतो.

पुढे पॉलिप्रॉपिलीनचे, न विणलेले निळे वेष्टन आले. जंतूंना ते अधिक चांगले अडवते, त्याचे तंतू जखमेत गळत नाहीत. पण एकदा सोडले की त्याचा कचरा होतो. पोलादी कात्री वर्षानुवर्षे वापरात राहते. तिच्या प्रत्येक फेरीला नवे वेष्टन लागते.

म्हणून जुन्या कापडाचे गोडवे गावेत काय? तसे करणे अप्रामाणिक होईल. धुऊन धुऊन विरळ झालेले कापड रुग्णाचे रक्षण करीत नाही; शिवाय धुण्यालाही पाणी आणि इंधन लागतेच. आज त्यावर एक पर्याय आहे तो गाळणी बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा. तो दीर्घकाळ पुन्हापुन्हा वापरता येतो. मात्र त्याच्या कडेला पोचा आला, झाकणाचे रबर चिरले किंवा गाळणी नीट बसली नाही, तर आतले निर्जंतुक उपकरण निर्जंतुक राहील याची खात्री उरत नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी ते पाहावे लागते.

मला वाटते, एकदाच वापरायच्या वेष्टनाने आपल्याला या पाहण्यातूनच बरीचशी सुटका दिली होती. कोऱ्या वस्तूला भूतकाळ नसतो. तिच्यावर विश्वास ठेवणे सोपे. वापरलेल्या वस्तूवरचा विश्वास दर वेळी नव्याने मिळवावा लागतो. पर्यावरणपूरक वेष्टनाची रचना करणाऱ्याने धातू आणि गाळणी यांच्याबरोबर भरपूर उजेड, पुरेसा वेळ आणि प्रशिक्षित नजर यांचीही रचना केली पाहिजे. डबे आणले आणि माणसे कमी केली, तर त्या काटकसरीची किंमत टेबलावर झोपलेला रुग्ण मोजील. निविदेत डब्याचा दर लिहिला जातो. तो तपासणाऱ्या परिचारिकेचा वेळ कोणत्या रकान्यात लिहायचा, हे त्याआधी ठरायला हवे.