वाळूतला ट्रेनर

काल रात्री जागून १९७३ची ग्रँड नॅशनल पुन्हा पाहिली. चार मैलांहून लांब शर्यत, तीस अडथळे. क्रिस्प नावाचा घोडा इतका पुढे, की बाकीच्यांनी सरळ घरी जावं! आणि अगदी शेवटी रेड रम त्याला गाठतो. निकाल पाठ आहे, तरी दर वेळी धडधडतंच.

पण मला खरं कौतुक त्याच्या ट्रेनरचं, जिंजर मॅकेनचं. इंग्लंडातल्या साउथपोर्टचा हा माणूस टॅक्सी चालवायचा, गाड्या विकायचा. तबेला कुठे, तर गाड्यांच्या शोरूममागे. सरावाला हिरवळीचं मैदान नाही, म्हणून घोडे समुद्रकिनारी पळवायचा. १९७२मध्ये त्याने टॅक्सीच्याच एका जुन्या गिऱ्हाइकासाठी, नोएल ले मेअरसाठी, ६,००० गिनींना रेड रम घेतला. आणून बघतो तर घोडा लंगडतोय! खुरातल्या हाडाचं दुखणं. मॅकेनने त्याला समुद्राच्या पाण्यात घातलं. रोज ओली वाळू, खारं पाणी... आणि घोडा चालायला लागला. १९७३, १९७४, १९७७. तीनदा नॅशनल जिंकली, मधल्या दोन्ही वर्षी दुसरा.

लोक म्हणतात, नशीब. असेलही. पण २००४मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, अँबरली हाउस या घोड्यावर त्याने चौथी नॅशनल मिळवली. २०११मध्ये तो गेला.

मी मात्र 'सगळं नीट जमलं की सुरू करू' म्हणत एक काम दोन वर्षं ढकलतोय. रेड रमच्या वेळी मॅकेनकडे नीट म्हणावं असं काय होतं?

असो. आज रविवार आहे. बसतो आता.