रेडिओचं तोंड नागपूरकडे

मोबाइलमध्ये हजारो गाणी असताना हा माणूस कारमध्ये रेडिओ का ऐकतो, हा आमच्या ऑफिसातला जुना प्रश्न. काही जण तर मला 'आकाशवाणी' अशीच हाक मारतात. चालतं मला! प्लेलिस्टमध्ये पुढचं गाणं कुठलं ते आपल्याला माहीत असतं. रेडिओवर आवडतं गाणं न मागता लागलं, की फुकटात बोनस मिळाल्यासारखं वाटतं. शिवाय त्याच क्षणी ते आणखी कुणीतरी ऐकत असतं.

हे 'आणखी कुणीतरी' प्रकरण मला लहानपणीच कळलं. गाव करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. धानाचा मुलूख, जवळच वैनगंगा. घरात दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता आणि त्याची जागा ठरलेली होती. फळीवर, तोंड मावळतीकडे, म्हणजे नागपूरकडे. जरा हलवला की बाबा ओरडायचे, "त्याले हात नोको लावू गा, नागपूर जाते!"

मला ती अंधश्रद्धा वाटायची. पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं, की बाबा शंभर टक्के बरोबर होते. मीडियम वेव्हच्या सेटमध्ये आडवी फेराइटची कांडी असते, तोच अँटेना. ती केंद्राच्या दिशेला काटकोनात असली की आवाज खणखणीत. कांडीचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज बसलाच. बाबांनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय शोधलं होतं.

उन्हाळी धानाच्या दिवसांत शेतीपंपाला लाइन रात्रीची मिळायची. मग तोच ट्रान्झिस्टर बाबांच्या खांद्याला लटकून बांधीवर जायचा. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली होती. नागपूरजवळचा एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर, १५६६ किलोहर्ट्झ. रात्रभर गाणी, तासातासाला बातम्या. अंधार, बेडकं, पाण्याचा आवाज आणि कुठल्याशा लांबच्या शहरातून बोलणारा शांत निवेदक. बाबा म्हणायचे, "हा जागा हाय तवर आपल्याले डर नाही."

२००८ मध्ये मी पुण्यात नाइट शिफ्ट करत होतो. वीकली ऑफच्या रात्री झोप यायची नाही. एकदा सहज काटा फिरवला आणि खरखरीतून १५६६ लागलं! रात्री मीडियम वेव्ह आभाळातल्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरते, त्याची ही कमाल. आवाज लाटेसारखा यायचा-जायचा. पण मला ठाऊक होतं, याच क्षणी करडीच्या बांधीवर बाबा हेच ऐकतायत. फोनवर आमचं बोलणं 'जेवला का, पैसे पाठवू का' एवढंच. खरी भेट रात्री व्हायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश निघाला. मी बातमी वाचली, हळहळलो आणि कामाला लागलो. काही दिवसांनी बाबांचा फोन आला. "सेल बदलून पायले, तरी रातचं टेशन लागत नाही गा."

मला खरं बोलवेना. म्हणालो, "सेट जुना झालाय बाबा, पुढच्या वेळी नवा आणतो." नवा सेट घेऊन गेलोसुद्धा! त्यांनी तो फळीवर ठेवला, तोंड नागपूरकडे केलं, रात्री बराच वेळ काटा फिरवला. मग मीच सगळं सांगून टाकलं. पुण्यातल्या रात्रींसकट. बाबा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "म्हंजे तू बी जागाच रायत होता?"

आता मी नागपुरात असतो. ऑफिसला जाताना ९८.३ किंवा ९४.३, ट्रॅफिकमध्ये आरजेची बडबड बरी वाटते. रात्री दहाला मात्र विविध भारतीचं 'छायागीत'. तिथे तडजोड नाही. गावी जाताना भंडारा मागे पडलं की कारमधलं एफएम फुसफुसायला लागतं. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाशी थकतात. मीडियम वेव्ह जमिनीला धरून पुढे सरकते. करडीला नागपूर त्यामुळेच लागायचं.

बाबांच्या मोबाइलवर मी 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅप टाकून दिलंय. त्यात आकाशवाणी नागपूर आहे. कधी कधी फोन करून दोघं एकदमच लावतो. पण इंटरनेटवरून येणारा आवाज प्रत्येक मोबाइलवर थोडा मागेपुढे पोचतो. आकाशवाणीचं केंद्र सिव्हिल लाइन्सला, माझ्या घरापासून काही किलोमीटरवर. तरी गाणं आधी वाजतं ते करडीत!

परवा तसंच झालं. बाबा फोनवर गाणं गुणगुणायला लागले आणि माझ्याकडे अजून जाहिरातच चालू होती.

"लागलं का तुह्याकडं?"

"नाही अजून."

"थांब, येते," बाबा म्हणाले. "मोबाइलचं तोंड इकडं कर जरा."