पातळ, विरळ, बारीक

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघींपैकी एकीचे केस जन्मापासूनच पातळ आहेत. कोणाचे, ते इथे सांगणार नाही. वाचकांत आमचे काही विद्यार्थीही असतील, आणि त्यांनी उद्या वर्गात आमच्या डोक्यांची तुलना करीत बसावे अशी आमची इच्छा नाही. लेखापुरते तिला नुसते 'ती' म्हणू.

तिची अडचण समोरून दिसत नसे. फळ्याकडे तोंड करून लिहू लागले की मात्र अख्खा वर्ग पाठीमागे असतो. अंबाड्याच्या वरच्या बाजूला टाळू उघडी दिसते हे तिला स्नेहसंमेलनातल्या एका छायाचित्रामुळे कळले, आणि त्यानंतर हळूहळू तिने फळ्यावर लिहिणेच सोडले. ती टिपणे सांगू लागली, छापील उतारे वाटू लागली. दोन वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्यातल्या दुसरीच्याही नाही. एका विद्यार्थिनीने "बाई, तुम्ही पूर्वी फळ्यावर किती छान लिहायचात" असे म्हटले, तेव्हा कुठे विषय निघाला.

तो निघाला धाकट्या डहाणूत. आमच्यापैकी एकीचे ते माहेर. दिवाळीच्या सुट्टीत दोघीही तिथे जातो. खाडीकाठची मच्छीमारांची वस्ती, बांबूंच्या मांडवांवर उलटे टांगलेले बोंबील, आणि दुपारी भरतीची वाट पाहत कलंडलेल्या होड्या. तिथल्या ओट्यावर बसून तिने सांगितले की मुंबईतल्या एका केंद्रात ती केशरोपणाची चौकशी करून आली आहे. तिथल्या माणसाने दहा मिनिटे डोके पाहिले, अडीच हजार ग्राफ्ट लागतील म्हणून सांगितले आणि हप्त्यांचा तक्ता पुढे सरकवला. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्जही तिने भरून ठेवला होता.

त्या क्षणी दुसरीच्या तोंडून जे निघाले, त्याची आम्हांला आज लाज वाटते. "ह्या वयात कशाला?" असे ती म्हणाली. ज्या समाजाने केसांवरून बाईला आयुष्यभर जोखले, त्यानेच तिला केसांची हौस आहे म्हणून हसायचे, ही दुहेरी कोंडी आमच्याच तोंडी आली होती. मग ठरले, की आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे; पुढे काय ते तिने ठरवावे. डहाणू रोडहून पहाटेची लोकल पकडून आम्ही दोघी गेलो.

ह्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून आधी भांग पाहिला, मग मानेवरचे केस वर करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "तुमचे मागचेही तितकेच पातळ आहेत. उचलायचे कुठून?"

केशरोपणाचे सारे गणित ह्या प्रश्नात आहे. ह्या शस्त्रक्रियेने नवा केस निर्माण होत नाही. असलेल्या केसाची, सरकारी भाषेत सांगायचे तर, बदली होते. एका जागेचा केस दुसरीकडे लावला तरी तो मूळ जागेचा स्वभाव टिकवतो, हे न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक ह्यांनी १९५९ साली मांडले, आणि त्याच पायावर हे शास्त्र उभे राहिले. टक्कल पडलेल्या पुरुषाच्या डोक्याची मागची झालर सहसा दाट आणि टिकाऊ राहते, म्हणून तिथून केस उचलता येतात. बायकांचे केस बहुधा तसे जात नाहीत. कपाळावरची रेषा बरीचशी जागेवर राहते, भांग मात्र रुंदावत जातो. लुडविग ह्या त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ साली त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. अनेकींच्या बाबतीत ही विरळता मागेही पसरलेली असते. तिथून उचलून पुढे लावणे म्हणजे एका फाटक्या पातळाचे ठिगळ दुसऱ्या फाटक्या पातळाला लावणे. शिवाय आसपासचे नाजूक केस शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गळू शकतात, आणि त्यांतले काही परत येत नाहीत.

मागची बाजू दाट असेल, कपाळ मुळातच मोठे असेल, भाजल्याचा वा जखमेचा व्रण असेल, घट्ट वेण्यांच्या ताणाने कडेचे केस कायमचे गेले असतील, तर स्त्रियांनाही ह्या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. तेव्हाही धीर लागतो: लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीनचार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, आणि खरे रूप दिसायला वर्ष जाते.

परतीच्या गाडीत आम्ही दोघी शब्दांशी खेळत बसलो. मास्तरकीची खोड, दुसरे काय! 'पातळ केस' म्हणताना मराठी माणूस निदान तीन गोष्टी एकत्र करतो. केसाचा धागाच बारीक असणे ही एक. केस मुळात संख्येने कमी, म्हणजे विरळ असणे ही दुसरी. आणि दाट होते ते गळून कमी होणे ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी प्रकृती आहेत, आजार नव्हेत. तिसरीमागे रक्तातले लोह, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप, आनुवंशिकता असे काहीही असू शकते, आणि त्यासाठी कात्रीसुरीआधी रक्ततपासणी हवी. मिनॉक्सिडिलसारखे औषध काहींना उपयोगी पडते, पण ते लावत राहावे लागते. थांबवले की मिळवलेले ओसरते. जाहिरातीला मात्र तिन्हींसाठी एकच शब्द पुरतो: 'समस्या'.

केस शरीराची बातमी देतात, ह्याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातील गावांत माणसांचे केस अचानक मुठीमुठीने गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी आपल्या अभ्यासातून रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. पण कारणाचा शोध लागण्याआधीच 'टक्कल व्हायरस' हे नाव रूढ झाले होते, आणि गावातल्या तरुण मुली डोक्यावर ओढणी घेऊन वावरत होत्या. पोटात काय गेले ह्यापेक्षा लोक काय म्हणतील ह्याची धास्ती मोठी.

ही धास्ती आम्ही शिकवतो त्या साहित्यातही आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत विधवा यमूचे तिच्या मनाविरुद्ध केशवपन होते. त्याच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. केस उतरवणे असो वा लावणे, बाईच्या डोक्याचा निर्णय नेमका कोणाचा, हा प्रश्न सव्वाशे वर्षांत पुरता सुटलेला नाही. यमूला कोणी विचारले नाही. आज विचारतात, पण विचारण्याआधीच उत्तर ठरवून टाकणारे आरसे घरोघर लावून ठेवलेले असतात.

धाकट्या डहाणूच्या काकी ह्या बाबतीत आमच्यापेक्षा पुढे निघाल्या. लग्नाकार्याला त्या गंगावन लावतात, भरगच्च अंबाडा घालून त्यावर वेणी माळतात, आणि घरी आल्यावर सगळ्यांदेखत ते सोडून खुंटीवर अडकवतात. आम्ही डॉक्टरांची हकीगत सांगितली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "माझं तर खुंटीवर असतं, गळायची भीती नाही." गंगावन त्यांना हौस म्हणून पुरते, त्याखाली त्यांना काही झाकायचे नसते.

निधीचा अर्ज तिने फाडला नाही, कपाटात ठेवून दिला. फाडला असता तर लेखाला बरा शेवट मिळाला असता. पण दुःख एका भेटीत संपत नाही, आणि पुढे कधी ह्या शास्त्राला दुसरी वाट सापडली तर ती धरण्याचा तिला हक्क आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला 'पण लक्षात कोण घेतो!' शिकवायची होती. तिने खडू घेतला, वर्गाकडे पाठ केली आणि कादंबरीचे नाव फळ्यावर लिहिले. उद्गारचिन्हासकट. मागे कोणी हसले की नाही, हे तिने वळून पाहिले नाही.