नववीतली जेनी

मी नववीच्या वर्गाला भूगोल शिकवते. म्हणून असेल कदाचित, पण 'गॉसिप गर्ल' ही अमेरिकन मालिका पाहताना माझी नजर नायिका सेरेनाच्या सोनेरी केसांवर किंवा तिची मैत्रीण ब्लेअर हिच्या हेअरबँडवर फार वेळ टिकली नाही. ती जेनी हम्फ्रीवर जाऊन थांबली. जेनी नववीत आहे. ब्रुकलिनला राहते, घरची बेताची, बाप जुना रॉक गायक. शाळा मात्र मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइडवरची, अतिश्रीमंतांच्या मुलींची. पहिल्याच भागात एका पार्टीची सगळी निमंत्रणं ती सुबक अक्षरात लिहून देते, का तर त्या बदल्यात तिलाही एक निमंत्रण मिळावं. अशा मुली दर वर्षी माझ्या वर्गात असतात. मोठ्या मुलींच्या घोळक्यात उभं राहायला मिळावं म्हणून त्यांच्या वह्या पूर्ण करून देणाऱ्या.

दिवाळीच्या सुट्टीत अकरावीतली भाची आली आणि तिने लॅपटॉपवर ही मालिका लावली. ती तिच्या जन्माआधी सुरू झालेली, सप्टेंबर २००७ ते डिसेंबर २०१२ या काळातली, सहा पर्वांची. तरी भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना ती कालची वाटते. का वाटते तेही कळलं. कपडे, गाड्या, मेट म्युझियमच्या पायऱ्यांवर मानानुसार ठरलेल्या बसायच्या जागा, सगळं मोहात पाडणारं आहे. आणि या सगळ्यांवर नजर ठेवून त्यांची गुपितं मोबाइलवर फोडणारी एक अनाम व्यक्ती, गॉसिप गर्ल. पालकांच्या संघटनेने आणि समीक्षकांनी मालिकेवर टीकेची झोड उठवली, तेव्हा वाहिनीने २००८मध्ये त्यांचीच निषेधाची वाक्यं मोठ्या अक्षरांत जाहिरातींवर छापली. आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य रोख शय्यादृश्यांवर आणि दारूवर होता. मला त्याहून जास्त घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. या मालिकेला विसरायला फार छान जमतं.

पहिल्या भागात चक बास हा अब्जाधीशाचा मुलगा दोन मुलींवर जबरदस्ती करू पाहतो. आधी सेरेनावर, हॉटेलच्या स्वयंपाकघरात. ती त्याला ढकलून सुटते. मग त्या पार्टीत जेनीवर. तिला गोड बोलून गच्चीवर नेतो, ती नको म्हणते, तो थांबत नाही. ती कसाबसा भावाला मेसेज करते, भाऊ आणि सेरेना धावत येतात. जेनीचं काम करणारी टेलर मॉम्सन जुलै १९९३ची. हा भाग प्रसारित झाला तेव्हा ती जेमतेम १४ वर्षांची होती. मी तो प्रसंग थांबवून पुन्हा लावला, कारण मला वाटलं आता कथा इथून सुरू होणार. पोलीस नाही, निदान शाळा तरी, बाप तरी. तसं काही होत नाही. पार्टी संपते, संगीत वाजतं, आणि चक हळूहळू या मालिकेचा नायक होतो.

तो नायक कसा, तेही सांगायला हवं. तिसऱ्या पर्वात तो एका हॉटेलच्या मालकीसाठी स्वतःच्या प्रेयसीचा, ब्लेअरचा, काकाशी सौदा करतो. चौथ्यात ती दुसऱ्याशी लग्न करणार हे ऐकून तो तिच्या चेहऱ्याशेजारची काच ठोसा मारून फोडतो आणि तिचा गाल कापला जातो. शेवटच्या भागात दोघांचं लग्न. ब्लेअरचं भसाभसा खाऊन मुद्दाम ओकणंही असंच, थँक्सगिव्हिंगच्या एका भागात अंगावर काटा आणतं आणि पुढे जवळपास विरून जातं.

आणि जेनी? तिसऱ्या पर्वाच्या शेवटी एकाकी जेनी आणि ब्लेअरची वाट पाहून खचलेला चक एका रात्री एकत्र येतात. गच्चीवरच्या त्या रात्रीची सावली या रात्रीवर असायला हवी होती, पण तिथे तिला फारसं कुणी स्थान देत नाही. ब्लेअरला कळतं आणि ती जेनीला न्यूयॉर्क सोडून जायला फर्मावते. जेनी जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी. जेनी काही संन्यासी नव्हे, तिनेही लबाड्या केल्यात, हे मान्य. पण शहर सोडावं लागलं ते तिला, आणि वरात निघाली ती चकची.

"पण मावशी, तो बदलतो ना," भाची म्हणाली. "वडिलांनी त्याला कधी प्रेमच दिलं नाही. ब्लेअरमुळे तो बदलतो."

तिचं चुकत नव्हतं. लेखकांनी चकच्या दुःखासाठी सहा पर्वं खर्च केलीत, त्याचं बालपण आपल्याला तोंडपाठ होतं. मी तिला एवढंच म्हटलं, की जेनीला त्या गच्चीनंतर रात्री झोप लागली का, हे आपल्याला माहीत आहे का? ज्याचं दुःख दाखवतात त्याला आपण माफ करतो. भाची बराच वेळ वाद घालत राहिली आणि मला ते आवडलं.

शेवटी गॉसिप गर्ल कोण ते उघड होतं. जेनीचा भाऊ डॅन. पाच वर्षांहून अधिक काळ त्याने मित्रांची, प्रेयसीची, सख्ख्या बहिणीचीही अब्रू चव्हाट्यावर मांडली, श्रीमंतांच्या गोष्टीत स्वतःला जागा मिळावी म्हणून. सेरेनाला त्यात प्रेमपत्र दिसतं आणि ती त्याच्याशी लग्न करते. आमच्या शहरात शाळांच्या नावांनी अनाम कन्फेशन पेजेस चालतात. त्यावर नाव आल्यामुळे माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी कितीतरी दिवस शाळेत आली नव्हती. तिच्या आईला समजावायला मी घरी गेले, तेव्हा मुलगी आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. त्या पेजमागे कुणाचं प्रेम होतं, असं मला कुणी सांगितलं तर मी ते ऐकून घेणार नाही.

आपल्याकडे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला, मालिका संपण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते पोलिसांना कळवणं माझ्यावर, कुणावरही, बंधनकारक आहे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली नाही, उलट पटकन म्हणाली, "आमच्या ग्रुपमध्ये एकाला सगळे आमचा चक म्हणतात."

कौतुकाने म्हणतात का, असं मी विचारलं. हो म्हणाली.

तो काय करतो ते तिने सांगायला सुरुवात केली, तेव्हा लग्नाचा तो भाग अजून चालूच होता. मी तो बंद केला आणि तिला पहिल्यापासून सांगायला लावलं.