खड्डा आणि बशी

आयर्लंडमधल्या जुन्या वळणाच्या घरात जेवणं आटोपली की 'डेल्फ' धुवायला घेतात. डेल्फ म्हणजे कपबश्या, वाडगे, ताटं. स्वयंपाकघरातल्या उघड्या मांडणीवर जे जे चकाकतं ते सगळं. हाच शब्द यॉर्कशर-लँकशरच्या डोंगराळ भागात उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दगडाची खाण उभी राहते. सॅडलवर्थमध्ये डेल्फ नावाचं गावच आहे, खाणींवरून नाव पडलेलं. आणखी दक्षिणेला, डीनच्या जंगलात, कोळशाच्या एका थराला 'कोलफर्ड हाय डेल्फ' म्हणतात. पूर्वेकडच्या सखल, दलदलीच्या मुलखात डेल्फ म्हणजे शेतातलं पाणी काढून देणारा चर. कुणी खणलं की झालं डेल्फ. मग त्यातून दगड निघो, कोळसा निघो, नाहीतर नुसतं पाणी वाहो.

खणणे या अर्थाचं एक जुनं क्रियापद या साऱ्याच्या मुळाशी आहे. इंग्रजीत त्याचं आज 'डेल्व्ह' झालंय आणि ते बहुतेक कागदपत्रांत किंवा आठवणींत खणायलाच वापरतात. आपल्याकडे जमीन खणतात आणि बशा कपाटाच्या खणात ठेवतात, त्यामुळे मराठी कानाला या जोडीचं फारसं नवल वाटू नये. पण डेल्फच्या बाबतीत खड्ड्यापासून बशीपर्यंतचा रस्ता खरोखरच पायाखालचा आहे, आणि तो हॉलंडमधून जातो.

तिथल्या ओल्या, मऊ जमिनीतून सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एक कालवा काढला गेला. खणलेला म्हणून तो 'डेल्फ'. त्याच्या काठी वस्ती झाली, तिलाही तेच नाव. पुढे शेवटी एक 'ट' चिकटून झालं डेल्फ्ट. 1246 मध्ये गावाला नगराचे हक्क मिळाले. कालवा अजून आहे, 'जुना डेल्फ्ट' म्हणतात त्याला. त्या पाण्यावर डेल्फ्टने आधी नाव कमावलं ते बिअरचं. सतराव्या शतकात तो धंदा खालावला, दारूच्या भट्ट्या ओस पडू लागल्या, आणि त्या मोठमोठ्या रिकाम्या इमारतींत कुंभार शिरले. पुष्कळांनी दारावरची जुनी नावंसुद्धा बदलली नाहीत.

कुंभारांना बरकत आली ती दूरच्या पडझडीमुळे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती. गलबतांतून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची श्रीमंतांना चटक लागली होती. 1644 मध्ये मिंग राजवट कोसळली, चीनमध्ये यादवी माजली, माल येईनासा झाला. चटक मात्र राहिली. डेल्फ्टच्या कुंभारांनी ती भागवली.

भागवली म्हणजे हुबेहूब नक्कल करून नव्हे. खऱ्या पोर्सिलीनला लागते ती पांढरी माती, केओलिन, त्यांच्याकडे नव्हती आणि तितकी कडक भट्टीही नव्हती. त्यांची माती भाजल्यावर पिवळट दिसायची. तीही निरनिराळ्या ठिकाणची, काही बाहेरून आणलेली, एकत्र मळलेली. ज्या चरामुळे गावाला नाव, त्यातल्या मातीची बशी असं सरळ नातं लावायला जीभ शिवशिवते, पण तसं ते नाही. या पिवळट अंगावर कथिलाच्या झिलईचा दाट पांढरा लेप देत. लेप सुकला की टीपकागदासारखा रंग ओढून घेई. त्यावर कोबाल्टने चित्र काढायचं, आणि एकदा कुंचला टेकला की खोडाखोड नाही. कच्चा कोबाल्ट काळपट दिसतो; निळा होतो तो भट्टीत. म्हणजे चितारी दिवसभर काळं रंगवायचा आणि मनात निळं पाहायचा. नक्षी पुन्हा पुन्हा तीच उमटावी म्हणून कागदाला सुईने भोकं पाडून त्यावर कोळशाची पूड थोपटत. आपल्या बायका रांगोळीचे ठिपके असल्याच कागदाने उठवतात. वर मग पारदर्शक झिलईचा एक हात, चिनी चकाकी आणण्यासाठी. टवका उडाला की मात्र आतली पिवळट माती लगेच दिसे. 1653 मध्ये सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या एका कारखान्याचं नाव 'पोर्सिलीनची बाटली'. पोर्सिलीन तेवढं तिथे बनत नव्हतं!

हेच कुंभार भिंतीला लावायच्या फरश्याही बनवत; त्यांचं काम त्याहून साधं. फर्मिएरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्रात खाली उजवीकडे, भिंतीच्या पायथ्याशी या फरश्यांची एक ओळ दिसते. एकीवर इवलासा मदन आहे. दुधाच्या धारेवरून नजर हटली तरच तो सापडतो. चित्रकार डेल्फ्टचाच, त्याने त्या फरश्या चित्रासाठी मुद्दाम शोधून आणल्या असतील असं नाही. ओल आणि जमीन पुसण्याचं फडकं यांपासून भिंत वाचावी म्हणून तिथल्या घरांत अशी ओळ लावत.

नावाचा खरा विनोद लंडनला घडला. 1567 मध्ये अँटवर्पचे दोन कुंभार, यास्पर आंद्रिस आणि याकोब यान्सन, इंग्लंडात नॉरिचला आले. पुढे लंडनमध्ये कथिलाच्या झिलईची भांडी बनू लागली. तेव्हा डेल्फ्टच्या निळ्याचा गाजावाजा व्हायचा होता. तरी मागाहून त्या लंडनच्या भांड्यांनाही 'डेल्फ्ट' हेच नाव चिकटलं. आयर्लंडमध्ये बेलफास्ट, डब्लिनलाही तसा माल निघाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कुंभार वेजवुडच्या मलईच्या रंगाच्या स्वस्त, मजबूत भांड्यांनी या धंद्याचं कंबरडं मोडलं. आयरिश मांडणीवरून डेल्फ्टची बशी गेली. शब्द राहिला आणि नव्या बशांच्या अंगावर बसला. आपण चिनी माती म्हणतो, इंग्रजही 'चायना' म्हणतात. ज्यांची नक्कल झाली त्या देशाचं नाव राहिलं, आणि नक्कल करणाऱ्यांचं गावही त्याच्या शेजारी येऊन बसलं. मला तरी यात न्याय दिसतो.

ढालींवरच्या चिन्हांच्या शास्त्रातही एक डेल्फ आहे. ढालीच्या मध्यावरचा चौकोन, खणून काढलेल्या मातीच्या ढेकळाचा. जुने ग्रंथकार सांगतात, की ज्याने द्वंद्वाचं आव्हान देऊन माघार घेतली त्याच्या ढालीवर तो पिंगट रंगात काढावा. प्रत्यक्षात ती चाल रुळली नाही. आपली नामुष्की आपणच रंगवून मिरवणार कोण?

डेल्फ्टमध्ये आता पुरातत्त्वज्ञ खणतात. जुन्या घरांचे शौचकूप आणि कुंभारांचे उकिरडे ही त्यांची आवडती ठिकाणं, कारण फुटकी बशी तिथेच टाकत. भट्टीत वाकडी झालेली, एकमेकींना चिकटलेली, विकायला न गेलेली भांडी तिथे सापडतात. ती धुऊन, तुकडे जुळवून, कोणत्या खड्ड्यातली कोणती बशी याचा क्रमांक घालून खणांत ठेवतात.