अरण्याचा नायक कोण?

नातवंडांच्या हातीं पडणारीं चित्रमय पुस्तकें वडील माणसांनीं हिसकावून घेण्यापूर्वीं एकदां स्वतः वाचून पाहावींत, असें आमचें मत आहे. मास्तरकींतून निवृत्त झाल्यावर वेळ मुबलक मिळाला, तेव्हां घरांतला सारा गठ्ठा आम्हीं वाचून काढिला. त्यांत आमच्या मुलांच्या बालपणींचा वेताळ होता, आणि नातवाचे सुपरमॅन व स्पायडरमॅनही होते.

स्पायडरमॅनास बल प्राप्त होतें तें कोळी चावल्यामुळें, तपश्चर्येनें नव्हे. तरीही एवढें सामर्थ्य येऊन घरच्या वृद्ध काकूची काळजी व पैशाची विवंचना त्यास सुटत नाहीं, हें आम्हांस मनापासून आवडलें. सुपरमॅनविषयीं मात्र आमची तक्रार आहे. १९३८ सालीं अवतरलेल्या या वीरास प्रकाशकांनीं १९९२ सालीं मारिलें आणि १९९३ सालीं पुन्हा उठविलें! ज्याचें मरण परत फिरवितां येतें, त्याच्या धैर्याची किंमत मुलांनीं कशी करावी? आमच्या ताडोबाच्या तळ्याकाठीं ज्याचें स्थान आहे, तो गोंडांचा प्रमुख तारू लोककथेप्रमाणें वाघाशीं झुंजतां झुंजतां मेला. तो परत आला नाहीं; लोकांनीं त्यास देव मानिलें. चंद्रपूर जिल्ह्यांत आजही मोहफुलें वेंचण्यास गेलेलीं माणसें वाघाच्या हल्ल्यांत दगावतात, आणि त्यांच्या घरचीं माणसें पुढल्या उन्हाळ्यांत त्याच रानांत शिरतात. कारण चूल पेटली पाहिजे.

वेताळाची गोष्ट आणखी निराळी. १९३६ सालीं ली फॉक यांनीं निर्माण केलेला हा मुखवटाधारी गोरा पुरुष वंशपरंपरेनें कवटीच्या गुहेंत राहतो, आणि रानांतल्या जमाती त्याच्या शब्दाबाहेर जात नाहींत. १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळें तो आपल्याकडे घरोघर पोंचला. कथा रंजक खरी. परंतु अरण्यवासी मनुष्य म्हणजे कोणा त्रात्याची वाट पाहणारा प्राणी, ही समजूत तिनें मुलांच्या मनांत नकळत घातली.

गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांत, मेंढा (लेखा) हें लहानसें गोंड गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं त्यास सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. तेथें निर्णय बहुमतानें नव्हे, तर सर्वसहमतीनें होतात. हा पराक्रम कोणा एकट्याचा नव्हे.

हें ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, पण यांत मारामारी कुठें आहे?" प्रश्न रास्त होता. एकत्र बसून तासन्‌तास बोलणाऱ्या माणसांचें चित्र काढून कोणता प्रकाशक अंक खपविणार? आम्हीं त्यास उलट एवढेंच सांगितलें कीं, वेताळाचा कोणताही अंक घे आणि ज्यांस तो वाचवितो त्या माणसांचीं नांवें मोजून काढ. दोन दिवस तो पानें चाळीत होता. नांवें फारच थोडीं निघालीं, आणि त्याचें त्यालाच नवल वाटलें.

वाचकांनीं आपापल्या घरीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. येत्या सुटींत नातवास मेंढ्यास नेण्याचा आमचा बेत आहे. वाटेंत वाचावयास त्यानें वेताळ बरोबर घेतला, तरी आमची हरकत नाहीं.