आळ कोणावर?

आमच्या वऱ्हाडात बाळ जन्मलं की सहाण बाहेर निघते. हिरडा, वेखंड, मुरडशेंग यांचे वेढे मोजून घासायचे आणि बोटानं चाटवायचे. मुस्लिम मोहल्ल्यात त्याआधी शहद. शेजारच्या हिंदू घरात नि आमच्या घरात फरक एवढाच. पोट दुखून मूल रडलं, की आळ मात्र दोन्हीकडे आईवरच: "काहीतरी वातूळ खाल्लं असंल हिनं!"

काही वर्षांपूर्वी अकोल्यात माझ्या धाकट्या बहिणीचं सात महिन्यांचं बाळ असंच रडू लागलं. पाय पोटाशी ओढायचं, किंचाळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं मलूल पडायचं. दादी म्हणाल्या, "नजर लगी है." शेजारीण म्हणाली, "बेंबी सरकली, पोट चोळा." नुकतंच खिमट सुरू केलं होतं, त्यावरून बहिणीला बोलणी बसली. दुपारी हिरवी उलटी झाली. लंगोटात रक्तमिश्रित चिकट आव दिसली. बहिणीनं कुणाचा सल्ला घेतला नाही. बाळ उचललं नि रिक्षात बसली.

डॉक्टरांनी शर्टाची बाही आत दुमडून दाखवली. आतडं आतड्यात असं शिरतं, वाट बंद होते, रक्तपुरवठा तुटतो. हे बहुतेक वरचं अन्न सुरू होण्याच्या वयातच घडतं, म्हणून आळ खिमटावर येतो. खरं कारण बहुधा सापडत नाही. विषाणूमुळे आतड्यातल्या गाठी सुजणं हे त्यातलं एक मानतात. वेळेत आलं तर गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून आतडं जागेवर आणता येतं. उशीर झाला तर ते सडतं, शस्त्रक्रिया करावी लागते. भाचा शस्त्रक्रियेविना बरा झाला.

पोट फुगलं की चटके देण्याची रीत आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याची बातमी आली. आदिवासींना अडाणी म्हणून आपण मोकळे झालो. पण बेंबी चोळत बसणारा आपला मोहल्ला वेगळं काय करतो? तिथं विळा, इथं तेल. वेळ दोन्हीकडे बाळाचीच जाते.

आईनं दोन वर्षं दूध पाजावं, हे सूरह बकरात आहे. पहिले सहा महिने फक्त तेच द्यावं, असं आज डॉक्टर सांगतात. वर्षाच्या आत शहद नको. त्यातल्या जिवाणूंमुळे लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, नि सुरुवात बद्धकोष्ठानं होते. आणि हिरवी उलटी, थांबून थांबून किंचाळणं, रक्ताची शी यांतलं काहीही दिसलं तर आईची उलटतपासणी नंतर करा. आधी तिच्यासाठी रिक्षा बोलवा.